ओळंबेवाल्या मॅडम

भालेराव मॅडम आमच्या घराच्या वास्तुशांतीला आल्या तेव्हा गुरुजी कलश मांडत होते. मॅडमनी दारात बूट काढले, माझ्या बायकोच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला, हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि पर्समधून ओळंबा काढला. भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी दोरीला जे पितळी वजन लोंबतं सोडतात, ते. इतर बायकांच्या पर्समध्ये काय असतं मला माहीत नाही. मॅडमच्या पर्समध्ये ओळंबा असायचा, कापडी पिशवीत गुंडाळलेला. त्यांनी तो देवघराच्या भिंतीशी धरला. गुरुजी थांबले. माझे सासरे थांबले. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत सगळेच थांबले.

"जोशी, भिंत थोडी बाहेर गेली," मॅडम म्हणाल्या.

"पडेल का?"

"नाई, पडत नाई. पण आता तुमाला दिसत राहील."

मग त्यांनी ओळंबा पिशवीत घातला, गुरुजींना "चालू द्या" म्हणाल्या, जेवताना दोनदा वरण मागून घेतलं आणि गेल्या. त्या दिवसापासून मला ती भिंत बाहेर गेलेली दिसते. त्याआधी ती सरळ होती.

आदिलाबादच्या आमच्या इंजिनिअरिंग ऑफिसात मॅडम असिस्टंट इंजिनिअर होत्या आणि मी ड्राफ्ट्समन. त्या हिशेब करायच्या, मी कॉम्प्युटरवर नकाशे काढायचो. आमचं ऑफिस म्हणजे साहेबांशी तेलुगू नाहीतर हिंदी, ठेकेदारांशी हिंदी, जुन्या मिसली, म्हणजे फायली, वाचायला थोडी उर्दू आणि डबा उघडल्यावर मराठी. मॅडम या सगळ्या भाषा एकाच सुरात बोलत. कुठल्याच भाषेत त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. त्यांना हसताना मी पाहिलं नाही, चिडतानाही नाही. ठेकेदारांना याचा फार त्रास व्हायचा. चिडणाऱ्या इंजिनिअरचं काय करायचं ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. न चिडणाऱ्या बाईपुढे ते चहा मागवायचे आणि तो एकटेच प्यायचे.

साडीखाली कॅनव्हासचे बूट, बारा महिने काळी छत्री. स्कूटीवर ती छत्री त्या पाठीला आडवी बांधत. लांबून बघणाऱ्याला वाटे, बंदूक घेऊन कोणीतरी येतंय. साइटवरचे लोक लांबूनच कामाला लागत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. नकाशा समोर ठेवला की म्हणायच्या, "वजन कुठं जाते?" छताचं वजन तुळईत, तुळईचं खांबात, खांबाचं पायात, हे आम्हाला शाळेपासून पाठ. पण मॅडम ते सगळीकडे विचारायच्या. आमच्या ऑफिसातल्या एका क्लार्कनं मुलाचं लग्न ठरवलं आणि कौतुकानं सांगितलं, सून नोकरी करणार, घरचंही पाहणार, आजारी आजीचंही करणार.

"वजन कुठं जाते ते पाहा," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे?"

"वजन शेवटी जमिनीतच जाते, भाऊ. मधात कोणाच्या डोक्यावरून जाते, तेवढं पाहायचं."

क्लार्क दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. पुढे त्यानं आजीसाठी बाई ठेवली असं ऐकलं.

मॅडमच्या घरी त्या आणि त्यांची आई, अंजनाबाई, एवढ्याच. मॅडम स्वतःबद्दल काही सांगत नसत. अंजनाबाई ती कसर भरून काढत. मी नकाशे घेऊन घरी गेलो की मॅडम आत हिशेब तपासत बसायच्या आणि अंजनाबाई मला ओट्यावर बसवून सगळा इतिहास सांगायच्या. त्या बेलसरीच्या. बेलसरी म्हणजे पैनगंगेच्या अंगाला असलेलं तलावाचं गाव. नवरा लवकर गेला. लोकांच्या शेतात कापूस वेचून त्यांनी पोरीला होस्टेलात ठेवलं, पॉलिटेक्निकला पाठवलं. बेलसरीच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली इंजिनिअर.

"माये गुडघे अजून कापूसच वेचून राह्यले," अंजनाबाई म्हणायच्या. "मी तेवढी घरी आली."

त्या बेलसरीच्या तलावानंच पुढे मॅडमना आणि आम्हा सगळ्यांना कामाला लावलं.

तलाव निजामाच्या वेळचा. पश्चिमेला मोठी दगडी पाळ, पाळीला लागून गाव. पूर्वेकडे पाणी उथळ होत होत गाळात आणि पाणकणसात संपतं, आणि त्या गाळाच्या काठाला बौद्ध वस्ती. हिवाळ्यात पक्षी इतके उतरतात की पाण्याचा रंग बदलतो. तलाव राखीव पाणथळ म्हणून जाहीर झाला आणि वरून हुकूम आला, पक्षी पाहण्यासाठी एक आकर्षक मनोरा बांधा. सगळा घोळ 'आकर्षक' या शब्दानं केला.

आमचे साहेब वरंगलकडचे. मनानं चांगले, पण कल्पना फार. त्यांनी निर्मल गावच्या खेळणीवाल्यांकडून लाकडी नमुना करवून आणला आणि सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पांढराशुभ्र बगळा उभा होता, एका पायावर. पायातून गोल जिना, पोटात लोकांना बसायला खोली, मानेतून शिडी, आणि डोक्यात दुर्बीण. माणसानं बगळ्याच्या डोळ्यांतून बाहेर पाहायचं.

"कोंगा टॉवर," साहेब म्हणाले. कोंगा म्हणजे तेलुगूत बगळा.

सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली. मॅडम बगळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, एक ही पाँव?"

"कोंगा तो एक पाँव पे ही खडा रहता ना, मॅडम."

"रहता, सर," मॅडम म्हणाल्या. "लेकिन उसके पेट में लोग नहीं रहते."

मॅडमनी एक बोट बगळ्याच्या डोक्यावर ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. बगळा सावकाश कलला, स्टेपलरवर पडला आणि त्याची चोच मोडली. मॅडमनी चोच उचलली, "सॉरी सर" म्हणाल्या आणि ती साहेबांच्या हातात दिली. काय करावं ते न सुचून साहेबांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवली.

"तो फिर आप ही बनाओ," ते म्हणाले. शिक्षा म्हणून म्हणाले असावेत. मॅडमनी मान डोलावली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "जोशी, उद्या जुने कपडे घालून या."

दुसऱ्या कुणाला हे काम मिळालं असतं तर त्यानं कुठल्यातरी अभयारण्यातला मनोरा इंटरनेटवर पाहून जसाच्या तसा उतरवला असता. मॅडमनी मंडप डेकोरेशनवाल्याला फोन केला. त्यांना पाहायचं होतं की माणूस कुठे बसला, किती उंच बसला, तर पक्षी उडत नाहीत. त्यासाठी तलावाच्या काठानं एकेका ठिकाणी बांबूचं मचाण उभं करायचं, त्यावर माणूस बसवायचा, आणि मजल्यामजल्यानं उंची वाढवत न्यायची. तो माणूस मी. मचाणाला आडोसा म्हणून मॅडमनी हिरवं कापड सांगितलं होतं. डेकोरेशनवाला लग्नसराईतून उठून आला होता. त्याच्याकडे गुलाबी कापड होतं, सोनेरी झालरीचं.

"हिरवं बुधवारी मोकळं होईल," तो म्हणाला.

"लावा हेच," मॅडम म्हणाल्या. "पाहू पक्षी काय म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झालरीखाली बसलो असताना बेलसरीहून माणसं येऊ लागली. धुतलेली धोतरं, इस्त्रीचे शर्ट, दोनचार बायका ठेवणीतल्या लुगड्यांत. पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मचाणाला चक्कर मारली, वर माझ्याकडे पाहिलं आणि छत्री घेऊन उभ्या असलेल्या मॅडमना विचारलं, "लगन कोणाचं हाय, बाई? आमाला काई निरोप नाई आला."

"लगन नाई, आबा. काम हाय."

"नवरदेव तर वर बसला."

"तो जोशी हाय. त्याचं झालेलं हाय."

आबांना ते पटलं नाही. "नवरी कोण्या गावची मंग?"

मॅडमनी पाण्याकडे हात केला. "लई लांबची. सायबेरियाची."

आबांनी हे नाव ऐकलेलं नव्हतं, पण सोयरीक लांबची आहे एवढं त्यांना कळलं. "जेवण हाय काय?"

"चहा हाय."

मग सगळ्यांनी गुलाबी कापडाखाली सतरंजीवर बसून चहा घेतला, मुलं बांबूंना लोंबकळली, आणि तलावावर होता नव्हता तो पक्षी उडून पलीकडच्या काठाला गेला. मॅडमनी कप खाली ठेवला. "लिहा, जोशी. माणसं बसली की पक्षी चालवून घेतात. माणसं जमली की नाई."

असं आम्ही बरेच आठवडे केलं. गुलाबी रंगाची पक्ष्यांना सवय झाली, झालरीचीही झाली. एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच चालवून घेतली नाही. मचाण झाडांच्या वर गेलं आणि माझं डोकं आभाळात दिसलं, की सगळे उडालेच.

"उंची आवडत नाई त्यायले," मॅडम म्हणाल्या. "डोकं वर काढलं का खपत नाई. ऑफिसात बी तसंच हाय."

म्हणून मॅडमनी ठरवलं, मनोरा बुटका. पाणकणसाच्या जेमतेम वर, आणि पाठीमागे बाभळी, म्हणजे डोकं आभाळात जाणार नाही. आणि जागा पूर्वेच्या काठावर, गाळाच्या बाजूला. सकाळी ऊन पाठीवर येतं, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं.

साहेबांनी नकाशा पाहिला. "मॅडम, ये टॉवर है? पानठेला दिखता."

"हौ सर. पक्षियों को भी वैसाच दिखना."

"और शाम को? शाम को तो धूप आँख में आएगी."

"शाम को लोग घर जाना, सर."

नकाशात मॅडमनी जिन्याच्या जोडीला एक लांब, वळणावळणाचा उतार काढायला लावला होता, पायऱ्या नसलेला. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "ये रॅम्प कायकू? हॉस्पिटल है क्या?"

"घुटनों के वास्ते."

"किसके घुटने?"

"बारी सबकी आती, सर."

साहेब खुर्चीवरून उठताना टेबलाला हात लावून उठत. त्यांनी उतारावर पुन्हा प्रश्न काढला नाही.

बेलसरीत मात्र बातमी पोचली आणि दरखास्त आली. मनोरा गावाच्या बाजूला, पाळीवर व्हावा. तो मुद्दाम वस्तीकडे नेला जात आहे. संबंधित इंजिनिअर तिथल्याच आहेत, याची नोंद घ्यावी. खाली अंगठे आणि सह्या. पाठोपाठ विठ्ठलराव आले. हे गावचे माजी सरपंच. साहेबांसमोर खुर्चीत बसून ते मॅडमना म्हणाले, "तुमी शिकल्या, मोठ्या झाल्या, चांगली गोष्ट हाय. पण म्हणून सरकारी टावर आपल्या लोकायकडं घेऊन जायचा काय?"

मी मॅडमकडे बघायचं टाळलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो बराच वेळ पीत राहिले.

"मी नाई नेला, विठ्ठलराव," मॅडम म्हणाल्या. आवाज तोच, डाळीचा भाव सांगावा तसा. "सूर्यानं नेला. तो काऊन पूर्वेला उगवते ते त्याले विचारा. नाई तर उद्या सकाळी चला, मी बी येतो विचारायला."

आणि खरंच गेलो. थंडीचे दिवस, साहेब माकडटोपीत, विठ्ठलराव शालीत. आधी पाळीवर उभे राहिलो. समोरून सूर्य वर आला आणि सबंध तलाव तव्यासारखा चमकायला लागला. विठ्ठलरावांनी कपाळाला हात लावून डोळे बारीक केले.

"काय दिसून राह्यलं?" मॅडमनी विचारलं.

"पक्षी हायेत ना. काळे."

"काळे?"

"काळेच हायेत."

मॅडमनी जीपकडे हात केला. आम्ही जीपमध्ये बसलो, तलावाला वळसा घातला, वस्तीवरून पुढे गेलो आणि बाभळीत ठेवलेल्या बांबूच्या मचाणावर चढलो. ऊन पाठीवर होतं. समोर उघड्या चोचीचे करकोचे उभे होते, शेकड्यांनी, धुतलेल्या कपड्यांसारखे पांढरे. एकेकाची चोच, चोचीतली शिंपली, पाय, सगळं दिसत होतं. विठ्ठलराव मचाणाच्या दांडीला धरून उभे राहिले. साहेबांनी माकडटोपी काढली, का ते सांगता येत नाही.

शेवटी विठ्ठलराव म्हणाले, "पांढरे हायेत."

"हौ."

खाली उतरल्यावर त्यांनी शाल नीट केली. "बरं. पण मंग आमच्या बाजूला काय?"

हा प्रश्न खरा होता. गावात परत जाऊन ते काय सांगणार होते? साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम जीपच्या चाकाकडे पाहत होत्या.

"तुमच्या बाजूला बगळा," त्या म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची चोचीची गोष्ट आठवून वाईट वाटलं. पाळीवर, प्रवेशद्वाराशी, सिमेंटचा भव्य बगळा. पोटात कोणी नाही. मॅडमनी स्वतः त्याचा हिशेब केला, तितक्याच गंभीरपणे. दोन पाय, आणि तिसरा आधार शेपटीतून खाली आणलेला, गवताच्या जुडीसारखा दिसेल असा. मी तीन आठवडे बगळ्याची मान काढत होतो. मान कुठून कशी वळावी यावर साहेब रोज येऊन सूचना करायचे. मॅडम त्यांना एकदाच म्हणाल्या, "सर, गर्दन आप बोलेंगे वैसी. पाँव मैं बोलूँगी वैसे." भांडण तेवढ्यावर मिटलं.

मनोऱ्याचं काम सुरू झालं ते काळ्या मातीत. आपल्याकडची कापसाची माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि फुगताना वर उभं असलेलं काहीही उचलते. मॅडमनी पायाचे खांब खोल नेले आणि प्रत्येकाच्या बुडाशी जमिनीच्या आत एक फुगवटा ठेवायला सांगितला. ठेकेदाराला तो फुगवटा नको होता. त्याला वेगळं यंत्र लागतं.

"मॅडम, जमीन के अंदर कौन देखता?"

"सिलते वक्त धागे के सिरे को गाँठ मारते ना, वो कपडे के नीचेच रहती," मॅडम म्हणाल्या. "नहीं मारे तो क्या होता?"

ठेकेदारानं कधी शिवलेलं नव्हतं, पण बायकोला विचारतो म्हणाला. यंत्र आलं. खड्डे खोदले जात असेपर्यंत मॅडम रोज ऑफिस सुरू व्हायच्या आधी तिथे असत. एका खड्ड्यात फुगवटा नीट झाला नाही, तो त्यांनी पुन्हा करायला लावला. न चिडता. ठेकेदार मला म्हणाला, "इससे तो गाली दे देती तो अच्छा था."

उद्घाटनाला दोन मांडव होते, बगळ्यापाशी मोठा आणि मनोऱ्यापाशी छोटा. मनोऱ्यावर एका वेळी किती जणांनी जावं याची पाटी दारातच लावली होती. पाहुण्यांनी त्या पाटीला हार घातला आणि सगळे वर गेले. साहेब, विठ्ठलराव, वस्तीतली मंडळी, फोटोवाले, आणि त्यांच्यामागून ढोलवाले, ढोलांसकट. वर वाजवायलाही लागले. पक्षी अर्थातच एकही नव्हता.

भाषणासाठी मॅडमना बोलावलं तर त्या सापडेनात. मी शोधत मनोऱ्याच्या मागे गेलो. त्या मनोऱ्याखाली उभ्या होत्या, बरोबर मधोमध, छत्री उघडून. वरून झेंडूच्या पाकळ्या आणि धूळ फटींतून खाली पडत होती. वरच्या फळ्या ढोलाच्या ठेक्यावर दणाणत होत्या.

"मॅडम, बाहेर या. वर फार लोक झाले."

"दिसून राह्यलं. म्हणून तर इथं हाय."

"आणि काही झालं म्हणजे?"

"तर मला शोधायला नको ना."

मी त्यांच्याजवळ थांबलो. जवळ म्हणजे मनोऱ्याच्या बाहेर, पण बोलणं ऐकू येईल एवढ्यावर. त्यांचा एक हात छत्रीच्या दांड्यावर होता. दुसरा त्यांनी खांबावर ठेवला होता, लेकराचा ताप पाहतात तसा, आणि ढोल थांबेपर्यंत तो काढला नाही. मग छत्री झटकली, मिटली. "चला," म्हणाल्या, "भाषण करायचं हाय म्हणे." भाषण एका वाक्याचं झालं: "हळू बोला आणि पाटी वाचा." टाळ्या पडल्या. बोललं त्यातलं काही कुणी केलं नाही.

अंजनाबाई उद्घाटनाला आल्या नव्हत्या. गर्दीत माझे गुडघे कोण सांभाळेल, म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात मॅडम त्यांना रिक्षानं घेऊन आल्या. मी पाण्याची पातळी मोजायला गेलो होतो, म्हणून हे पाहिलं. उताराच्या कठड्याला धरून अंजनाबाई एकेक पाऊल टाकत वर आल्या. मॅडम मागे होत्या, हात न लावता. वर फळीवर बसून अंजनाबाईंनी खिडकीच्या आडव्या फटीतून बाहेर पाहिलं. करकोचे होते, बदकं होती, पाणकोंबड्या होत्या. मी दुर्बीण पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली आणि मांडीवर ठेवून दिली.

"एवढं मोठं हाय काय वो हे?" त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"पाणी. मी एवढी वर्सं भरलं इथून. गाळातून वाट काढून खेप आणायची, समोर कणसं. दोन हात पाणी दिसे. मले वाटे, तेवढंच हाय."

"पाळीवरून दिसलं नाही कधी?" मी विचारून गेलो.

"पाळीवर काय काम आमचं?" अंजनाबाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. माहिती होती. काम नसताना तिकडे जायची पद्धत नव्हती, आणि काम कधी निघालं नव्हतं.

मग त्या पुष्कळ वेळ बघत बसल्या. पक्ष्यांकडे नाही, पाण्याकडे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेताची हद्द पाहावी तसं. मॅडम कोपऱ्यात पाठ टेकून उभ्या होत्या आणि आईकडे बघत होत्या. मी पातळी मोजायला खाली उतरलो. ती मी आधीच मोजलेली होती.

पुढे जे व्हायचं ते झालं. रविवारी गाड्या येतात, बगळ्यापाशी थांबतात, लोक त्याच्या दोन पायांच्या मधून फोटो काढतात, भजी खातात आणि परत जातात. वळसा घालून मनोऱ्यापर्यंत फार थोडे येतात. साहेबांना याचं जरा वाईट वाटलं. त्यांनी मॅडमना तसं बोलूनही दाखवलं. मॅडमना नाही वाटलं. "अच्छा हुआ, सर," त्या म्हणाल्या. "भीड कोंगा संभाल रहा." विठ्ठलराव हिवाळ्यात पहाटे शाल घेऊन मनोऱ्यावर जातात असं मला तिथला रखवालदार सांगतो. ते वस्तीवरून पायी जातात, येताना कुणाच्या तरी ओट्यावर चहा घेतात. गावात याबद्दल कोणी बोलत नाही.

वर्षभरात मॅडमची बदली खम्मम्‌कडे झाली. निरोप समारंभाला साहेबांनी त्यांना निर्मलचा एक लाकडी बगळा दिला. दोन पायांवर होता. मॅडमनी तो टेबलावर ठेवला, त्याच्या डोक्यावर बोट ठेवलं. बगळा हलला नाही. "बराबर है, सर," त्या म्हणाल्या, आणि साहेबांनी रुमाल काढला.

त्याच पावसाळ्यात खम्मम्‌हून फोन आला. "जोशी, आई गेली. तुमच्या घरी सांगा." मी काहीबाही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "ठेवतो मंग" म्हणाल्या.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. थंडीत मी बायकोला घेऊन बेलसरीला गेलो होतो. बगळ्यापाशी गर्दी होती म्हणून तसेच पुढे गेलो, गाडी वस्तीशी लावली आणि मनोऱ्याच्या उतारानं वर चढलो. वर कोणी नसेल असं वाटलं होतं. खिडकीशी फळीवर भालेराव मॅडम होत्या, एकट्या. रात्रभर प्रवास करून आल्या असाव्यात. बॅग पायाशी तशीच होती. भिंतीला डोकं टेकून त्या गाढ झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात मांडीवर सुटलेले. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी त्यांच्या गुडघ्यांवर पडली होती. बाहेर करकोचे इतके जवळ आले होते की चोचीत शिंपली फुटल्याचा आवाज येत होता.

बायकोनं माझा दंड धरला. "अगबाई," ती म्हणू लागली, आणि मी ओठांवर बोट ठेवलं. ती लगेच गप्प झाली. आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो आणि पावलं न वाजवता उतारानं खाली आलो.

गाडीपाशी आल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं बोलले नाही. एकही पक्षी उडाला नाही."

मी हो म्हणालो.